खड्डे, पाणी आणि फेरीबोट: गोव्याची जुनी व्यंगचित्रे शोधायची कशी, वाचायची कशी

गोव्याच्या शहरांचा इतिहास म्हटला की किल्ले, चर्च, देवळे, मुक्तिलढा आणि जनमत कौल (महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे यावरचे मतदान) एवढ्यावर बहुतेकांची गाडी थांबते. पणजीत नळाला पाणी किती वाजता येई, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कोंडी कशी होई, मडगावचा कचरा कुठे जाई, गॅसच्या सिलिंडरसाठी लोक किती दिवस वाट पाहत, हे कुणी पुस्तकात लिहून ठेवलेले नाही. ते सापडते वर्तमानपत्रांत, आणि सर्वांत नेमके सापडते त्यांच्या व्यंगचित्रांत. हा ठेवा मला फार मोलाचा वाटतो, आणि तो दरवर्षी थोडा थोडा नष्ट होतो आहे.

एका वाचनालयाच्या प्रदर्शनासाठी मी या कामाला हात घातला. नंतर शिक्षक, महाविद्यालयातली मुले, एखाददुसरा पत्रकार विचारायला येऊ लागले. सगळ्यांच्या अडचणी जवळपास सारख्याच असतात: सुरुवात कुठून करायची, कुठे काय मिळते, चित्र सापडले तरी त्याचा अर्थ कसा लावायचा, आणि ते भिंतीवर लावायला परवानगी लागते का. म्हणून हे एकदाच नीट लिहून काढतो आहे.

१. आधी विषय लहान करा

"गोव्यातली व्यंगचित्रे" हा विषय घेऊन ग्रंथालयात गेलात तर आठवडाभरात कंटाळून परत याल. एक शहर घ्या, एक प्रश्न घ्या आणि काही महिन्यांचा कालखंड घ्या. पणजीतली पाणीटंचाई, एका वर्षाचा एप्रिल आणि मे. किंवा मांडवीवरचा पूल कोसळल्यानंतरचे पहिले सहा महिने. एवढे पुरते. त्यातूनच पुढचे धागे हाती लागतात.

कोणत्या प्रकारचे चित्र हवे तेही ठरवा. वर्तमानपत्रांत साधारण तीन जागा असतात. अग्रलेखाच्या पानावरचे मोठे चित्र बहुधा राजकारणावर असते. पहिल्या पानावर एका रकान्यात बसणारे छोटे पॉकेट कार्टून असते. खड्डे, भाववाढ, बसची गर्दी, वीज गेली, हे सगळे तिथेच येते. तिसरी जागा रविवारची पुरवणी आणि दिवाळी अंक. तिथली हास्यचित्रे घर, नवराबायको, कचेरी यांच्याभोवती फिरतात आणि त्यांना बातमीचे बंधन नसते. शहराच्या दैनंदिन प्रश्नांसाठी पहिल्या पानावरच्या त्या छोट्या चौकटीपासून सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे. ती चौकट रोज भरायची असल्यामुळे व्यंगचित्रकाराला रोजच्याच जगण्याकडे वळावे लागते.

२. कोणत्या काळात काय मिळेल याचा अंदाज घ्या

१९ डिसेंबर १९६१, म्हणजे गोवा पोर्तुगीज राजवटीतून मुक्त झाला तो दिवस, इथे सीमारेषेसारखा धरा. त्याआधीच्या काळात सरकारवर टीका करणारे व्यंगचित्र शोधायला निघालात तर हाताला फारसे लागणार नाही. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले तेव्हा गोव्यातल्या छापखान्यांना मोकळा श्वास मिळाला आणि मराठी, पोर्तुगीज, कोकणी नियतकालिके भराभर निघाली. पण १९२६ च्या लष्करी उठावानंतर आणि पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत छापण्यापूर्वी मजकूर तपासून घेण्याची सक्ती आली. अशा काळात नगरपालिकेच्या गटारावरचे चित्रसुद्धा जोखमीचे ठरू शकते. त्यामुळे त्या वर्षांत चित्रे कमी दिसली म्हणून "गोव्यात व्यंगचित्रांची परंपराच नव्हती" असा निष्कर्ष काढू नका. हा निष्कर्ष मी अनेक प्रकल्पांत वाचला आहे आणि तो घाईचा आहे.

तांत्रिक कारणही लक्षात ठेवा. शिशाच्या खिळ्यांची जुळणी असे त्या दिवसांत प्रत्येक चित्रासाठी जस्ताचा ब्लॉक करून घ्यावा लागे. त्याला पैसे लागत आणि वेळही लागे. लहान पत्रांना रोज नवा ब्लॉक परवडणे कठीण. म्हणून त्या काळच्या चित्रांची रेघ जाड असते, बारीक छायारेषा शाईने बुजलेल्या दिसतात, आणि एकच ब्लॉक पुन्हा वापरलेला आढळू शकतो. ऑफसेट छपाई आल्यावर रेघ बारीक झाली आणि करड्या छटाही येऊ लागल्या. तारीख फाटून गेलेल्या कात्रणाचा काळ ठरवायला ही खूण उपयोगी पडते.

मुक्तीनंतर चित्र पार बदलते. 'गोमन्तक' २४ मार्च १९६२ रोजी सुरू झाला, बा. द. सातोस्कर त्याचे पहिले संपादक. 'नवहिंद टाइम्स' हे इंग्रजी दैनिक १९६३ चे, 'नवप्रभा' हे मराठी दैनिक १९७० चे. मडगावहून निघणारे 'राष्ट्रमत' विलीनीकरणाच्या विरोधात उभे होते आणि 'गोमन्तक' बाजूने. १९०० साली पोर्तुगीज दैनिक म्हणून सुरू झालेले 'हेराल्ड' १९८३ मध्ये इंग्रजी झाले. 'सुनापरान्त' हे कोकणी दैनिक १९८७ चे. मराठी वाचकाने फक्त मराठी पत्रे चाळून थांबू नये. एकाच खड्ड्यावर मराठी, कोकणी आणि इंग्रजी पत्रांनी काय काढले हे शेजारी शेजारी ठेवले की प्रत्येक पत्राचा वाचक कोण होता ते कळते.

३. शहराचे पंचांग तयार करा

सगळ्यांत जास्त वेळ वाचवणारी पायरी हीच. शहराचे त्रास ऋतूंप्रमाणे येतात आणि व्यंगचित्रेही त्यांच्या मागोमाग येतात. हजारो पाने आंधळेपणाने उलटण्याऐवजी एका वहीत महिन्यांचे रकाने आखा.

एप्रिल, मे: पाणी. पणजी आणि फोंड्याला खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पातून पाणी येते. उन्हाळा कडक झाला की टँकर, घागरी, कोरडे नळ. वीजकपातही याच दिवसांत.

जून ते सप्टेंबर: खड्डे, तुंबलेली गटारे, कोसळलेली झाडे, पणजीतला सांतिनेजचा नाला. आता यांत्रिक मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै बंदी असते. पूर्वी तारखा आणि नियम वेगळे होते. मासळीच्या भावाचे चित्र दिसले तर त्या वर्षीची बंदी कधी होती हे त्याच अंकात पाहा.

चतुर्थीच्या आधीचे दहा दिवस: नारळ, भाजी आणि माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीच्या) सामानाचे भाव. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराचे पुतळे. इथे प्रत्येक वर्षी कुणाला नरकासुर केले आहे ते पाहण्यासारखे असते: भ्रष्टाचार, महागाई, कचरा, एखादा बिल्डर. ऑक्टोबरपासून पर्यटक, टॅक्सी, घरभाडी, समुद्रकिनाऱ्यावरचे आवाज. फेब्रुवारीत कार्निव्हल आला की त्याचा गमतीचा राजा, किंग मोमो. त्याचा "खा, प्या, मजा करा" हा हुकूम तुटलेल्या रस्त्यावर उभा राहून वाचला की चित्र आपोआप तयार होते, म्हणून तो आठवडा चुकवू नका.

या वार्षिक चक्राच्या जोडीला मोठ्या घटनांची यादी करा. माझ्या वहीत पुढच्या घटना कायम असतात:

जनमत कौल, १६ जानेवारी १९६७. विषय राजकीय, पण नोकऱ्या, शेजारच्या राज्यांतून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी, कचेरीतली भाषा हे सगळे रोजचे प्रश्न त्याच वादात मिसळलेले होते.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बसभाड्यात निम्म्या सवलतीसाठी झालेले विद्यार्थ्यांचे आंदोलन, आणि त्यानंतर १९८० मध्ये स्थापन झालेले कदंब परिवहन महामंडळ. बसच्या दांड्याला लोंबकळणारी माणसे शोधायची तर हीच वर्षे.

नोव्हेंबर १९८३: राष्ट्रकुल प्रमुखांची गोव्यातली बैठक. पाहुणे येणार म्हणून रस्ते गुळगुळीत होतात आणि नागरिक विचारतो, आमच्यासाठी का नाही? २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पहिल्यांदा पणजीत भरला तेव्हाही हाच प्रश्न. जुन्या गोव्यातला सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाचा सोहळा १९६४ पासून दर दहा वर्षांनी येतो आणि त्याच्याबरोबर वाहतूक, पाणी, स्वच्छतेची चर्चाही येते.

५ जुलै १९८६: मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला. पणजी आणि पर्वरी, म्हणजे राजधानी आणि मांडवीपलीकडचा उत्तर गोवा, फेरीबोटीने जोडला गेला. ऐन पावसाळ्यात कचेरीला, शाळेला, इस्पितळात जाणारा माणूस धक्क्यावर रांगेत उभा. शहराच्या हालांची व्यंगचित्रे शोधायची तर यापेक्षा चांगला कालखंड मला माहीत नाही. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी, कारण घटना सगळ्यांना ठाऊक आहे, तारीख पक्की आहे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या रांगा अजून आठवतात.

४. कुठे जायचे आणि बरोबर काय न्यायचे

पहिला थांबा पणजीत पाट्टोवरचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी आहे. कदंब बसस्थानकावरून चालत जाता येते. जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड किंवा त्यांच्या संगणकीय प्रती पाहायच्या आहेत असे मदतकक्षावर स्पष्ट सांगा. नुसते "जुने पेपर" म्हणू नका; पत्राचे नाव, वर्ष आणि महिना एका कागदावर लिहून द्या. नेमकी मागणी केली की काम वेगाने होते.

त्यानंतर पर्वरीचे झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च आणि ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठाचे ग्रंथालय. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांचा संग्रह विद्यापीठात आहे. पोर्तुगीज काळातली नियतकालिके शोधणाऱ्याने तो विचारावा. सरकारी अभिलेखागार मुख्यतः दस्तऐवजांसाठी आहे. चित्रात दाखवलेल्या नगरपालिकेच्या निर्णयाचा कागद पाहायचा असेल तर तिथे जा, चित्रांसाठी नको. गावोगावच्या जुन्या वाचनालयांतही कपाटांवर बांधून ठेवलेले गठ्ठे असतात. दिवाळी अंक तर तिथेच जास्त मिळतात.

वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत स्वतःची फाइल असते. ती पाहायची तर संपादकांच्या नावे आधी पत्र द्या आणि तुम्हाला नेमके कोणते महिने हवेत ते कळवा. कामाच्या धांदलीत अचानक जाऊन उभे राहू नका.

बरोबर न्यायच्या गोष्टी:

- आधार कार्ड किंवा दुसरे ओळखपत्र, त्याची झेरॉक्स, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो
- शाळेचे, महाविद्यालयाचे किंवा वाचनालयाचे शिफारसपत्र. खासगी संग्रह आणि संशोधन केंद्रांत याने दार लवकर उघडते
- शिसपेन्सिल. जुन्या कागदाजवळ शाईचे पेन बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि चालवूही नये
- वही, भिंग, लहान पट्टी
- तोंडाला बांधायचा मास्क. जुन्या गठ्ठ्यांत धूळ आणि बुरशी असते, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी हे टाळू नये
- मोबाइल. फोटो काढायला परवानगी आहे का आणि त्याला शुल्क आहे का ते आधी विचारा

जाण्यापूर्वी फोन करून वेळ विचारून घ्या. फेस्त, चतुर्थी, कार्निव्हल यांच्या सुट्ट्यांत फुकटचा हेलपाटा होतो.

५. चित्र एकटे वाचू नका

सगळ्यांत मोठा सापळा इथे आहे. चित्र सापडले की माणूस हरखतो, फोटो काढतो आणि पान उलटतो. घरी आल्यावर कळते की चित्रातला टोपीवाला कोण, हातातली पिशवी कसली, हसायचे कशाला, काहीच ठाऊक नाही. व्यंगचित्रकार आदल्या दिवशीची बातमी वाचलेल्या माणसासाठी काढत असतो. ती बातमी तुम्ही वाचलेली नाही.

म्हणून नियम करा: चित्र सापडले की त्या तारखेच्या मागचे आठवडाभराचे अंक आणि पुढचे तीन दिवस चाळायचे. तीन गोष्टी शोधायच्या. त्या विषयाची बातमी, वाचकांची पत्रे, आणि सरकारी जाहिराती. तिसरी गोष्ट बहुतेक जण सोडून देतात. नगरपालिकेच्या निविदा, पाणीपुरवठा बंद राहण्याच्या सूचना, वीज खात्याचे वेळापत्रक हे सगळे जाहिरातींच्या रकान्यांत असते. चित्रात "पुढच्या आठवड्यात रस्ता होणार" अशी थट्टा असेल आणि त्याच पानावर त्या रस्त्याची निविदा असेल, तर ते दोन्ही एकत्रच नोंदवायला हवे.

आता गोव्यापुरत्या काही खुणा. बाहेरच्या माणसाला आणि आजच्या मुलांना या कळत नाहीत.

१९६६ च्या अखेरीच्या आणि जानेवारी १९६७ च्या अंकांत फूल आणि दोन पाने दिसली तर ती झाडे नव्हेत. जनमत कौलात विलीनीकरणाची खूण फूल होती आणि संघप्रदेश राहण्याची खूण दोन पाने. सिंह दिसला तर तो महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा.

मांडवीच्या काठावरचा जुना राजवाडा म्हणजे सरकार. आदिलशहाच्या या वाड्यात सचिवालय आणि विधानसभा होती. २००० मध्ये विधानसभा पर्वरीच्या टेकडीवर गेली. त्यानंतरच्या चित्रांत सत्ता टेकडीवर दिसते. इमारत पाहून चित्राचा काळ ठरवता येतो तो असा. वाड्याशेजारी आबे फारियाचा १९४५ चा पुतळा आहे, हात पसरून समोरच्या स्त्रीला संमोहित करणारा. ती मुद्रा एखाद्या मंत्र्याला दिलेली दिसली तर समोरची मोहित झालेली व्यक्ती कोण आहे ते आधी पाहा, बहुतेक वेळा ती जनता असते.

पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल म्हणजे पायलट, भाड्याने माणसे नेणारा. सायकलच्या मागे टोपली आणि भोंगा म्हणजे पोदेर (पाववाला), आणि त्याच्याबरोबर पावाच्या किमतीचा वाद. रॉकेलची रांग, ट्रंक कॉल, गॅसची नोंदणी, स्कूटरसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी या गोष्टी आजच्या विद्यार्थ्याला समजावून सांगाव्या लागतात. प्रदर्शनात प्रत्येक चित्राखाली दोन ओळी यासाठी राखून ठेवा.

आणखी एक प्रश्न प्रत्येक चित्राला विचारा: हसे कुणाचे केले आहे? खड्डा आहे म्हणून अभियंत्याचे, की खड्ड्यात पडलेल्या माणसाचे? फुटपाथ अडला म्हणून फेरीवाल्याचे, की बाजाराला जागा न देणाऱ्या पालिकेचे? परप्रांतातून आलेल्या मजुराला 'घाटी' म्हणून विद्रूप करणारी, मासळी विकणाऱ्या बाईला फक्त भांडखोर दाखवणारी, हिप्पी म्हणजे सगळी घाण असे सुचवणारी चित्रेही जुन्या अंकांत भेटतात. ती लपवू नका आणि कौतुकाने मांडूही नका. शहराने आपल्या अडचणीचे खापर कुणावर फोडले, याचीही ती नोंद आहे. मला स्वतःला सत्तेकडे बोट दाखवणारी चित्रे अधिक मोलाची वाटतात, पण संग्रहात दोन्ही हवीत.

६. मारिओ, लक्ष्मण आणि उसनी चित्रे

गोवा आणि व्यंगचित्र म्हटले की प्रत्येकाच्या तोंडी मारिओ मिरांडा यांचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. १९२६ साली दमणमध्ये जन्मलेल्या, लोटलीच्या या माणसाने गोव्याचे गाव, फेस्त, तावेर्न, पाद्री जसे टिपले तसे कुणी टिपले नाही. तरुणपणच्या त्यांच्या सचित्र रोजनिशा तर गोव्याच्या सामाजिक इतिहासाचे साधनच आहेत. पण नवखा अभ्यासक इथेच अडकतो. मारिओंची वृत्तपत्रीय कारकीर्द मुंबईत झाली, टाइम्सच्या समूहात. मिस निंबूपाणी, मिस फोन्सेका, गोडबोले ही त्यांची पात्रे मुंबईच्या कचेऱ्यांत, चित्रपटसृष्टीत, राजकारणात वावरतात. कपांवर आणि टाइल्सवर दिसणारा गोवा हा त्यांच्या कामाचा वेगळा भाग. पणजी नगरपालिकेच्या कारभारावर रोजच्या रोज बोट ठेवणारी चित्रे हवी असतील तर स्थानिक दैनिकांतल्या, कमी प्रसिद्धी मिळालेल्या व्यंगचित्रकारांकडे जावे लागेल. इंग्रजी पत्रांत शिवोलीच्या अ‍ॅलेक्सिज यांनी दीर्घकाळ गोव्याच्या प्रश्नांवर काढले आहे. तिथून सुरुवात करता येईल. मराठी दैनिकांतल्या अनेकांची तर फक्त सही उरली आहे. अशा सह्यांची एक यादी करा, सही जशी आहे तशी हाताने उतरवून घ्या. पुढे कुणीतरी ओळखतो.

दुसरी गल्लत उसन्या चित्रांची. आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातला सामान्य माणूस १९५१ पासून मुंबईच्या पाण्याचा, खड्ड्यांचा, रांगांचा साक्षीदार होता. बाळासाहेब ठाकरे यांनी १९६० मध्ये सुरू केलेल्या 'मार्मिक'मध्येही मुंबईच होती. मुंबईची नियतकालिके गोव्यातल्या मराठी घरांत येत आणि त्यांची कात्रणे गोव्याच्या चिकटवहीत बसत. त्यामुळे एखाद्या आजोबांच्या वहीतला खड्डा पणजीचा की गिरगावचा हे नावाची पाटी, बसचा आकार, पोलिसाची टोपी, सही पाहून ठरवा. शंका असेल तर "गोवा" असे लिहू नका.

तुलनेसाठी मात्र बाहेर जरूर बघा. पोर्तुगालमध्ये राफाएल बोर्दालो पिन्येइरो यांनी १८७५ मध्ये 'झे पोव्हिन्यो' हे पात्र उभे केले: साधा शेतकरी, करांच्या ओझ्याखाली वाकलेला, तरी सत्तेला खिजवणारा. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस मुकाट पाहतो, झे मात्र हातवारे करून उत्तर देतो. त्या काळातली पोर्तुगीज व्यंगचित्र साप्ताहिके लिस्बनच्या हेमेरोतेकाच्या (जुन्या नियतकालिकांच्या ग्रंथालयाच्या) संकेतस्थळावर मोफत पाहायला मिळतात. आणि रेषेच्या बाबतीत दीनानाथ दलाल यांना विसरू नका. गोव्यात जन्मलेल्या दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' अंक सुरू केला. त्यांची मुखपृष्ठे सगळ्यांना माहीत असतात, व्यंगचित्रे फार थोड्यांना.

७. नोंद आणि फोटो

फोटो फ्लॅशशिवाय, खिडकीच्या उजेडात, मोबाइल कागदाला समांतर धरून काढा. प्रत्येक चित्राचे दोन फोटो: एक फक्त चित्राचा, एक पूर्ण पानाचा. पूर्ण पान घेतले नाही तर शेजारची बातमी हातची जाते. पट्टी कडेला ठेवली तर मूळ आकार कळतो. स्कॅनर वापरता आला तर रेखाचित्र ६०० डीपीआयवर करा.

फाइलचे नाव तारखेने सुरू करा: वर्ष, महिना, दिवस, पत्र, पान. उदाहरणार्थ "१९८६-०७-१२ गोमन्तक पान १". नाव बदलायचे काम त्याच संध्याकाळी करा. वहीत प्रत्येक चित्रासाठी एवढे लिहा: चित्राखालची ओळ शब्दशः, सही, चित्रातल्या पाट्यांवरचा मजकूर, विषय, संबंधित बातमीची तारीख आणि पान, तुमचा अंदाज. अंदाज वेगळ्या रकान्यात. तथ्य आणि अंदाज एकत्र लिहिले तर महिन्याभराने तुम्हालाच वेगळे करता येणार नाहीत.

८. घरची कात्रणे वाचवा

गोव्याच्या दमट हवेत वर्तमानपत्राचा कागद फार टिकत नाही. तो लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त असतो. पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. त्यात कसर आणि वाळवी. घरी कात्रणे असतील तर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. दोन्हीमुळे झालेले नुकसान परत भरून येत नाही. घडी उघडून सपाट ठेवा, आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात घाला, डबा जमिनीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा. हातमोज्यांपेक्षा धुऊन कोरडे केलेले हात बरे, कारण मोज्यांत कागदाची कड जाणवत नाही आणि ती फाटते.

सगळ्यांत आधी मात्र फोटो काढून ठेवा. साफसफाईत चतुर्थीपूर्वी कितीतरी गठ्ठे रद्दीत जातात. नात्यातल्या, शेजारच्या घरी कुणी जुने अंक काढत असेल तर "मला आधी बघू द्या" एवढे सांगून ठेवा.

९. प्रदर्शन, प्रकल्प आणि परवानगी

भारतीय स्वामित्व हक्क कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतात. दलाल १९७१ मध्ये गेले, म्हणजे २०३१ च्या अखेरपर्यंत. मारिओ २०११ मध्ये गेले, म्हणजे २०७१ पर्यंत. बोर्दालो पिन्येइरो १९०५ मध्ये गेले, त्यांची चित्रे मोकळी आहेत. निनावी किंवा टोपणनावाने छापलेल्या आणि खरा कर्ता न कळलेल्या चित्राला प्रसिद्धीपासून ६० वर्षे मोजतात.

खासगी अभ्यास, संशोधन, टीका आणि परीक्षण यांसाठी मर्यादित वापराला कायद्यात सवलत आहे. विद्यार्थ्याने प्रकल्पात चित्र घेऊन त्यावर लिहिले तर सहसा अडचण येत नाही. दिनदर्शिका, पुस्तक, विकायची भेटकार्डे काढायची असतील तर मात्र लेखी परवानगी हवीच. परवानगी कुणाची, हा गुंता आहे. पगारी नोकरीत असताना काढलेल्या चित्राचा वर्तमानपत्रात छापण्यापुरता हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाचा असतो आणि बाकीचे हक्क चित्रकाराकडे राहतात. म्हणून दोघांनाही विचारा: पत्राला आणि चित्रकाराला, किंवा त्याच्या वारसांना. पैशांचा व्यवहार मोठा असेल तर वकिलाला दाखवा.

परवानगीचे पत्र लांबलचक नको. कोणते चित्र, कोणत्या तारखेचे, कुठे लावणार, किती दिवस, तिकीट आहे की मोफत, आणि चित्रकाराचे नाव कसे देणार, एवढे एका पानात लिहा. सोबत चित्राची प्रत जोडा. हयात व्यंगचित्रकाराकडे जाल तेव्हा परवानगीबरोबर थोडा वेळही मागा. ते चित्र कुणी अडवले होते का, ओळ कुणी बदलली, फोन कुणाचे आले, हे फक्त त्यांनाच ठाऊक असते. त्यांची संमती घेऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, तारीख नोंदवा आणि त्याची एक प्रत वाचनालयात जमा करा.